थोरलीचं दुकान, धाकटीची चिप

प्रोसेसरवर लेख आहे म्हटल्यावर तुम्ही पान उलटायला बोट ओलं केलं असणार. थांबा. तुम्हाला वाटतंय, आता हा अमेरिकेतल्या कुठल्यातरी गॅरेजपासून सुरुवात करणार, मग दोन हुशार मित्र, मग वाळूपासून चिप कशी होते, आणि शेवटी ‘तरुणांनो, मोठी स्वप्नं बघा’. नाही हो. मी सटाण्याच्या मराठी शाळेतला, बारावीला फिजिक्समध्ये काठावर पास. मी आयुष्यात एकही प्रोसेसर बनवला नाही. बनवणारे सातासमुद्रापार, आम्ही बसवणारे. नाशकात एम.जी. रोडवरच्या एका दुकानात मी बरीच वर्षं कॉम्प्युटर जोडले. किती प्रोसेसर बसवले ते मोजलं नाही. फोडला मात्र एकच.

दुसरी शंका वयाची असेल. दिवाळी अंकात आठवणी लिहिणारा माणूस रिटायर झालेला असतो, फोटोत त्याच्या खांद्यावर शाल असते. मी आत्ता कुठे तिशीला टेकलोय. पण आमच्यात माणसाच्या आधी धंदाच रिटायर होतो, त्याला मी काय करू? आता लोक लॅपटॉप घेतात. बंद डब्यातून आणतात, बंदच वापरतात. आत काय आहे हे बघायची कुणाला हौस राहिली नाही. म्हणून म्हटलं, विसरायच्या आत लिहून टाकावं. नावं बदलली आहेत. दुकान ओळखलंत तरी गप्प बसा.

तर आमचं काम म्हणजे मिसळ लावण्यासारखं. रस्सा एकाचा, फरसाण दुसऱ्याचं, पाव तिसऱ्याचे, आणि ‘आमची मिसळ’ म्हणून मिरवणार आम्ही. डबा दिल्लीचा, हार्ड डिस्क मुंबईच्या बाजारातून, मॉनिटर कुठला तर कुठला. या सगळ्याच्या मधोमध जो बसतो तो प्रोसेसर. बिस्किटाएवढा चौकोन, खाली केसासारख्या शेकडो पिना. डोकं सगळं त्याचं, बाकीचे हमाल.

हा प्रोसेसर बनवणाऱ्या कंपन्या तेव्हा आमच्यापुरत्या दोनच. एक मोठी, टीव्हीवर टिंगटिंग वाजवत येणारी. दुसरी तिच्याहून लहान, जवळपास तेच काम कमी पैशात करणारी. यांची नावं गिऱ्हाइकांच्या तोंडात बसायची नाहीत, म्हणून आमच्या मालपुरे सरांनी बारसं केलं होतं: थोरली आणि धाकटी. थोरलीचा माल, धाकटीचा माल. सुरुवातीला मधली पण एक होती. ती कधी वारली कळलंच नाही, कुणी दहाव्याला सुद्धा गेलं नाही.

सर जुन्या गोष्टी सांगायचे. आधी म्हणे प्रोसेसरला नाव नसायचंच, नुसता आकडा. तीनशे शहाऐंशी, चारशे शहाऐंशी. थोरली आकडा काढायची, धाकटी तोच आकडा लावून माल आणायची. आकड्यावर मालकी सांगता येईना, तेव्हा थोरलीने आकडा सोडला आणि नाव ठेवलं. ते नाव मग आमच्या गल्लीतल्या पानवाल्यालाही पाठ झालं. सर म्हणायचे, “असं आहे ना... भाऊबंदकीत आडनाव एकच असतं, भांडण नावावरूनच सुरू होतं.”

हे ‘असं आहे ना’ लक्षात ठेवा. सरांचं प्रत्येक वाक्य तिथून निघायचं. नाकात, सावकाश, आणि ‘ना’वर थोडं थांबून, सिग्नलला स्कूटर थांबते तसं. मी दुकानात लागलो त्याच्या तिसऱ्या दिवशी मला तो आवाज जमला. आवाज काढायची खोड मला शाळेपासून. हेडमास्तर, कंडक्टर, मामा, मामाची म्हैस. घरी आई अहिराणीत म्हणायची, “तुना सोताना आवाज कोनता शे रे भाऊ?” ते मलाही नक्की माहीत नव्हतं.

गिऱ्हाइकं तर आवाजांची खाणच. पिंपळगावचे एक द्राक्षबागायतदार काका आले. मी प्रोसेसरचा वेग सांगितला, पाचशे मेगाहर्ट्झ. काका म्हणाले, “म्हंजे किती एचपी?” मी म्हटलं, काका, ट्रॅक्टर नाही हा. तर म्हणाले, “मंग पाचशे पाचशे काय करतो? वढतो किती ते सांग ना.” खरं सांगतो, मेगाहर्ट्झबद्दल याच्यापेक्षा शहाणा प्रश्न मला नंतर कुणी विचारला नाही.

आणि खंडेनवमी! दसऱ्याच्या आदल्या दिवशी आपण हत्यारं, यंत्रं पुजतो. नाशिककरांनी कॉम्प्युटर पण पुजला. बाहेरून पुजला तर ठीक. पण काही भाविक झाकण उघडून आतल्या पंख्यावर हळद-कुंकू वाहायचे, आणि मग मशीन चालू करायचे. दसऱ्यानंतर आठवडाभर आमच्याकडे एकच काम, ब्रशने कुंकू काढणं. एक आजी तर म्हणाल्या, “सगळं नको काढू रे, थोडं राहू दे.” मी राहू दिलं. ते मशीन पुढे कधीच बिघडलं नाही. काय बोलायचं?

पण सांगायचंय ते हनीफचाचांचं.

त्याआधी नंदूचं सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. आमचं दुकान आधी दोघांचं होतं. विकास मालपुरे म्हणजे आमचे सर, आणि नंदू भामरे. कॉलेजपासूनचे दोस्त, एका स्कूटरवर दोघं, एका डब्यात दोघं. फाटलं कशावरून? प्रोसेसरवरून. नंदूचं म्हणणं, लोकांच्या खिशाला परवडेल ते विकू, धाकटीचा माल ठेवू. सरांचं म्हणणं, दुकान थोरलीच्या नावावर उभं आहे, धाकटी पायरी चढणार नाही. आपल्याकडे लोक जमिनीवरून भांडतात, बांधावरून भांडतात. हे दोघं परदेशातल्या दोन कंपन्यांवरून भांडले, ज्यांना नाशिक नकाशात सुद्धा सापडलं नसतं. नंदूने शालीमारला वेगळं दुकान टाकलं, धाकटीचं. मी लागलो तो याच्या नंतर. चार वर्षं दोघं बोलत नव्हते. कुणाच्या लग्नात समोरासमोर आलेच तर सर “नमस्कार भामरेसाहेब” म्हणायचे. साहेब! दोस्ताला साहेब म्हणण्याइतकी घाण शिवी मराठीत दुसरी नाही. पण दुपारी डबा खाताना सर खुशीत असले की तोंडातून निघायचं, “मी आणि नंद्या एकदा...” आणि मग डब्याचं झाकण लावायचे.

आता चाचा. हनीफचाचा मालेगावचे कातिब. कातिब म्हणजे हाताने सुंदर उर्दू लिहिणारा. लग्नपत्रिका, जलशाची पोस्टरं, दुकानाच्या पाट्या. बरूच्या कलमाने ते लिहायचे आणि प्रेसवाला त्यावरून छापायचा. तीस वर्षं हाच धंदा. मग उर्दू कॉम्प्युटरवर आली. प्रेसवाल्याने चाचांना सांगून टाकलं होतं, शनिवारपर्यंत कॉम्प्युटरवर पत्रिका करून दाखवली तर या सीझनची सगळी लग्नं तुमची, नाहीतर मी दुसऱ्याला देतो. उर्दूचं सॉफ्टवेअर घालून देणारा माणूस मुंबईहून शुक्रवारी मालेगावात येणार होता. शुक्रवारी तिकडे यंत्रमाग बंद, सगळे घरी, म्हणून तो तोच दिवस धरून यायचा. पुन्हा कधी येईल, पत्ता नाही. म्हणजे गुरुवारी संध्याकाळच्या एस.टी.ने मशीन मालेगावला निघायलाच हवं होतं. चाचांनी धाकटीचाच माल सांगितला होता, जमवलेल्या पैशांत तेवढंच बसत होतं. सरांनी नाक मुरडलं, पण तोवर जमाना बदलला होता. गिऱ्हाईक मागायचं, आणि सर गुपचूप एखादा नग मागवायचे. मोजून एक.

गुरुवारी सकाळीच चाचा हजर. बरोबर घरची रजई, मॉनिटरला गुंडाळायला. म्हणाले, “नया दूल्हा है, ठंड लगनी नहीं मंगता.” सर ओझरला एका गिऱ्हाइकाच्या घरी गेले होते, चारपर्यंत येतो म्हणून. दुकानात मी आणि चाचा.

“कुठला रे तू?”

“सटाण्याचा.”

“मंग तं आपलाच शे!” चाचांनी अशी टाळी दिली की मी खूश. असा माणूस समोर बसल्यावर माझी जीभ कुठली थांबते? काम करता करता मी पिंपळगावच्या काकांचा आवाज काढला. चाचा हसले. कुंकूवाल्या आजींचा काढला. चाचांनी चष्मा काढून डोळे पुसले. म्हणाले, “और तेरे सेठ का?”

आता इथे जरा धंद्यातलं सांगतो. थोरली तोवर आपल्या चिपच्या डोक्यावर पत्र्याची टोपी घालायला लागली होती. धाकटीची चिप बोडकी. पाठीवर मधोमध नखाएवढा चकचकीत तुकडा उघडाच, आणि खरा प्रोसेसर म्हणजे तेवढाच. त्याच्यावर पांढरी पेस्ट लावायची, वर पंखा असलेला ॲल्युमिनियमचा ठोकळा ठेवायचा, आणि ठोकळ्याची स्टीलची क्लिप खाली अडकवायची. नाहीतर चिप तापून काही सेकंदांत मरते. क्लिप अशी कडक की आम्ही स्क्रू ड्रायव्हरने दाबायचो. दाबताना ठोकळा जरा जरी तिरका झाला, तर सगळा भार त्या उघड्या तुकड्याच्या एका कोपऱ्यावर येतो.

मी स्क्रू ड्रायव्हर लावला, मान सरांसारखी तिरकी केली, आणि म्हणालो, “असं आहे ना...”

चाचा खदखदून हसले. मीही हसलो. ‘ना’वर थांबायच्या जागी आतून आवाज आला. कट्. पापड मोडतो तसा पण नाही. पापडाचं पोर मोडावं तसा.

चालू करून पाहिलं. पंखा फिरला, पडदा काळा. पुन्हा केलं. काळा. ठोकळा काढला, पेस्ट पुसली. चकचकीत तुकड्याचा एक कोपरा गेलेला. किती? मोहरीच्या अर्ध्याएवढा. तेवढ्यात सगळा जीव गेला होता.

“क्या हुआ बेटा?”

“काही नाही चाचा. टेस्टिंग.”

हे माझं पहिलं खोटं. चाचा म्हणाले, “आराम से कर. मैं नमाज पढके आता.” रजईची घडी खुर्चीवर ठेवून गेले. तिच्याकडे बघवेना.

मी फोनला लागलो. नाशिकरोड, सिडको, सातपूर, जितकी दुकानं माहीत होती तितकी. कुणाकडे ती चिप नाही. मुंबईहून मागवायची तर शनिवार उजाडणार. आणि प्रत्येक जण वर एकच वाक्य बोलायचा, “अरे, धाकटीचं ना? भामरेकडे विचार की, त्याच्याकडे ढीग असतो.”

भामरेकडे! मालपुऱ्यांच्या दुकानातून, धाकटीच्या चिपसाठी! मी माझ्या नावाने फोन केला असता तर त्यांनी ठेवून दिला असता, निदान मला तेव्हा तसं वाटलं. अडीच वाजले होते. मी रिसीव्हर उचलला, मान तिरकी केली.

“हॅलो, भामरे.”

“अरे नंद्या, मी बोलतोय.”

पलीकडे रेडिओ चालू होता, तो बंद झाला.

“मी म्हणजे कोण?”

“असं आहे ना...”

“विक्या?”

तो ‘विक्या’ कसा आला ते मला लिहिता येणार नाही. मी कुणाचाही आवाज काढतो, पण तो मला आजपर्यंत काढता आलेला नाही. मी घाईघाईने पुढे म्हणालो, जरा अडचण आहे, धाकटीची अमुक चिप एक नग हवाय, गिऱ्हाईक मालेगावचं आहे, संध्याकाळी गाडी आहे, माणूस पाठवतो.

“माणूस कशाला पाठवतोस? मी आहे ना. आलोच.”

“नको, तू कशाला...”

त्यांनी फोन ठेवला पण. आता घ्या! मला चिप हवी होती, भामरे नको होते.

दहा मिनिटांत स्कूटर दारात. बुटके, गोरे, शर्टाच्या खिशात चिपची डबी. आत आले, दुकान डोळे भरून पाहिलं. टेबल तिथेच आहे म्हणाले, कपाट सरकवलंय म्हणाले. मग मला, “कुठे गेला विक्या?”

“ओझरला... आत्ताच गेले. येतील.” दुसरं खोटं. तिसरं, चौथं, मी मोजायचं सोडलं.

त्यांनी फुटलेली चिप उचलली, उजेडाकडे धरली, माझ्याकडे पाहिलं. “स्क्रू ड्रायव्हर?” मी मान हलवली. “सरक.” स्वतः बसले. ठोकळा दोन्ही तळहातांनी सरळ धरला, क्लिप अंगठ्याने दाबली, जिभेचं टोक दातांत. आवाज नाही, काही नाही. बटण दाबलं आणि मशीन ‘पीप’ बोललं. तेवढ्यात चाचा आले आणि पडद्यावर अक्षरं बघून म्हणाले, “माशाल्ला.” त्यांना वाटलं, टेस्टिंग संपलं.

आणि मागून सरांच्या स्कूटरचा आवाज. चार नाही, तीनच वाजले होते.

सर हेल्मेट काढत आत आले आणि उंबऱ्यातच थांबले. भामरे उठले. मी देवाला म्हटलं, लाईट घालव. दिवसा लाईट जाऊन काय होणार होतं, पण सुचत नव्हतं.

“तू फोन केलास म्हणून आलो,” भामरे म्हणाले. “नंद्या म्हणालास, मग काय, दुकान उघडं टाकून आलो.”

सरांनी आधी फोनकडे पाहिलं. मग माझ्याकडे. मी फरशीकडे. त्या बघण्यातच त्यांना सगळं कळलं, कारण मी त्यांचा आवाज काढतो हे दुकानाबाहेरच्या चहावाल्याला सुद्धा माहीत होतं.

“हो,” सर म्हणाले. “केला.”

बस. एवढंच. मग तिघांचा चहा आला. मला नाही आला. भामरे बशीत ओतून पिता पिता म्हणाले, “शेवटी धाकटी विकायला लागलासच ना रे?” सर म्हणाले, “असं आहे ना... गिऱ्हाईक मागतं.” आणि भामरे असे हसले की चाचाही विनाकारण हसायला लागले. फार काही बोलले नाहीत दोघं. कुणाची मुलगी कितवीत, कुणाचे वडील कसे आहेत. जाताना भामरे दारात म्हणाले, “येतो विक्या.” सर म्हणाले, “ये.” ‘या’ नाही म्हणाले.

मॉनिटर रजईत गुंडाळला, रिक्षात घातला, मी स्टँडपर्यंत सोडायला गेलो. चाचा गाडीत खिडकीशी बसले, रजई मांडीवर. म्हणाले, “बेटा, तेरे सेठ का आवाज एकदम सेम है.” मी म्हटलं, चाचा, हळू बोला. पुढच्या आठवड्यात त्यांचा दुकानात फोन आला. सॉफ्टवेअरवाला आला होता, शनिवारी पत्रिका करून दाखवली, सीझनची लग्नं मिळाली. म्हणाले, माऊस धरला की हात थरथरतो, कलम धरलं की थरथरत नाही, पण होईल सवय.

पण ते पुढच्या आठवड्यात. त्या गुरुवारी मी स्टँडवरून परत आलो तेव्हा सर टेबलाशी बसले होते, फुटलेली चिप समोर ठेवून. मी मनात उत्तर तयार केलं होतं. चिपचे पैसे पगारातून कापा, वगैरे.

“काय म्हणालास त्याला?”

“सर, ते... एक चिप हवी होती, तर...”

“तसं नाही. म्हणून दाखव. जसं म्हणालास तसं.”

“सर...”

“काढ आवाज.”

मी काढला. अरे नंद्या, मी बोलतोय. असं आहे ना. भामरे ‘विक्या’ म्हणाले तिथपर्यंत आलो आणि थांबलो. सर खिडकीबाहेर बघत होते.

“चिप फुटते,” ते म्हणाले. “माझ्या हातून पण फुटल्या. त्याचं काही नाही. चाचांना सांगायचं होतंस, फुटली म्हणून. मला ओझरला फोन करायचा होतास. नंबर डायरीत होता. होता ना?”

“हो सर.”

“मी रागावलो असतो. काय झालं असतं? रागावलो असतो. मग भामऱ्याला फोन करायचा की नाही ते मी ठरवलं असतं. कदाचित केला असता. कदाचित नसता. पण ते माझं होतं ना रे? चार वर्षं रोज सकाळी मी त्या फोनकडे बघतो. तू दीड मिनिटात उरकलंस.”

मी टेबलावरचा स्क्रू ड्रायव्हर उचलून खणात ठेवला.

“तो दुकान उघडं टाकून आला. मी बोलावलं म्हणून आला. आणि मी बोलावलंच नव्हतं. आता हे मी त्याला कधी सांगू? आज सांगू? म्हातारपणी सांगू? सोनवणे, आम्ही दोघं खूप भांडलो. नाही नाही ते बोललो. पण खोटं कधी बोललो नव्हतो एकमेकांशी. आज मी बोललो. ‘हो, केला’ म्हणालो. तुला वाचवायला नाही म्हणालो. त्याचं तोंड बघून म्हणालो.”

“सॉरी, सर.”

सरांनी पहिल्यांदा माझ्याकडे मान वळवली.

“तुझ्या आवाजात म्हण.”